बाळंतपणासाठी जर्मनीला जाताना सामानात काय न्यावे?

सूरसागर:
माझी मुलगी श्टुटगार्टला असते आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे बाळंतपण अपेक्षित आहे. मी आणि हे २८ डिसेंबरला तिथे पोहोचू असे ठरते आहे. दोघांचाही हा पहिलाच परदेशप्रवास आहे. दिवाळी संपल्यापासून जेवणाच्या टेबलावर डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा, दोन किलो साजूक तूप, ओटीसाठी खोबऱ्याच्या वाट्या आणि इथल्या मांडवीतून आणलेला लीलो चेवडो (ओलसर चिवडा) असा ढीग मांडून ठेवला आहे, पण यातले नेमके काय नेता येते हे सांगणारे कोणी भेटत नाही. ह्यांना मधुमेह असून रोज इन्सुलिन घ्यावे लागते. ज्यांनी वडोदऱ्याहून असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

न्यायमंदिर:
ताई, दोन मुलींच्या बाळंतपणांसाठी मी जर्मनीला जाऊन आले आहे, म्हणून आधी खोबऱ्याबद्दल सांगते, कारण पहिल्या वेळी माझी फसगत तिथेच झाली. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि बंदिस्त जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून हवाई वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. हे मला विमानतळावर कळले. मी घरून निघताना प्रत्येक वाटीला हळदीकुंकवाचे बोट लावले होते, आणि तपासनिसाने त्या पाचही वाट्या एकेक करून बाजूच्या ट्रेमध्ये काढून ठेवल्या. वाट्या घरीच ठेवा. ओटीसाठी नारळ तिथल्या भारतीय किंवा आशियाई दुकानात मिळतो.

दुसरी गोष्ट तुपाची. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, मग ते घरी कढवलेले दोन किलो तूप असो, पेढे असोत की श्रीखंड. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. जर्मनीत ‘बटरश्माल्झ’ नावाने जे मिळते ते कढवलेले लोणीच असते, आणि बिनमिठाचे लोणी आणून आपल्या पद्धतीने मंद आचेवर कढवले तर घरभर तोच वास सुटतो. म्हणून लाडू इथून वळून नेण्याऐवजी डिंक, खारकेची पूड, सुंठ, भाजलेले मेथ्यांचे पीठ आणि निवडून भाजलेले अळीव वेगवेगळ्या पाकिटांत भरा, पाकिटांवर नावे लिहा, आणि लाडू तिथे ताज्या तुपात वळा. बाळंतिणीलाही ताजेच चांगले. ताजा कढीपत्ता, मिरच्या आणि बहुतेक फळेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. कढीपत्ता घरी सावलीत वाळवून न्यावा.

विमान दुबईमार्गे असेल आणि तिथे बाहेर पडून एखादा दिवस थांबणार असाल, तर सामानात खसखस अजिबात ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि आपल्या डिंकाच्या लाडवांत, अनारशांत ती नकळत असते.

हरणी रोड:
खाण्यापिण्याचे वरती सविस्तर आले आहे, म्हणून मी कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण व्हिसाच हाती आला नाही तर पाकिटे भरून उपयोग नाही. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. आपण २८ डिसेंबरला उतरलात आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा असला, तर २७ मार्च हा नव्वदावा दिवस येतो. परतीचे तिकीट त्याच्या आधीचे काढा. तिथून निघाल्यावर पासपोर्टची मुदत आणखी किमान तीन महिने शिल्लक असावी लागते. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण मुक्कामाचा हवा. जावयांना तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून खर्चाची हमी देणारे औपचारिक पत्र घ्यायला सांगा. या कार्यालयांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून हे काम आजच सांगावे. अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो, पण इतका उशीर करण्याचे काही कारण नाही.

आपल्याकडे एक अडचण हमखास येते. गुजरातमधील जुन्या कागदपत्रांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग पतीचे नाव, आणि नावाला जोडून ‘बेन’ किंवा ‘भाई’ असे लिहिलेले असते. पासपोर्टवर नाव कसे आहे ते अक्षर-अक्षर पाहून तिकीट, विमा आणि अर्ज तिन्हींवर तसेच लिहा. माझ्या आईच्या विम्यावर ‘बेन’ राहिले आणि ते दुरुस्त करून घेण्यात आमचे चार दिवस गेले.

रावपुरा:
इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, कारण खालच्या सामानाच्या कक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र हवे, त्यात औषधाचे मूळ नाव व मात्रा असावी. गोळ्या मूळ पाकिटांतच न्या. व्यक्तिगत वापरासाठी साधारण तीन महिन्यांची औषधे जर्मनीत नेता येतात, आणि आपला मुक्कामही तितकाच आहे. पॉवर बँकही हातातच, आणि १०० वॅट-तासांच्या आतली. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तासांची भरते. मोबाइलच्या चार्जरची दोन पिनांची खुंटी तिथे बहुधा बसते, तीन पिनांची बसत नाही.

सूरसागर:
सर्वांचे मनापासून आभार. वाट्या आणि तूप आजच बाजूला काढले. वाट्या शेजारच्या घरी सत्यनारायणाला दिल्या. एक शंका राहिली. बाळासाठी चांदीचे वाळे आणि सोन्याची साखळी केली आहे, आणि माझ्या अंगावर पाटल्या व मंगळसूत्र असेल. त्याचे काय करावे?

न्यायमंदिर:
ताई, अंगावरच्या दागिन्यांचे निघताना विमानतळावरच्या सीमाशुल्क कक्षातून प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना ते तिथूनच विकत आणले का, हा प्रश्न उरत नाही. त्यासाठी सराफाच्या पावत्या आणि दागिन्यांचे फोटो जवळ ठेवा, आणि अहमदाबादहून विमान असेल तर या कामासाठी तासभर अधिक हाताशी धरून निघा. बाळाचे लेणे मात्र भेटवस्तूंत मोजले जाते आणि विमानाने येणाऱ्या प्रवाशाला ४३० युरोंपर्यंतच्याच वस्तू करमुक्त नेता येतात. साखळी त्याहून महाग असेल तर उतरल्यावर लाल मार्गिकेतून जाऊन सांगून टाका, किंवा वाळे आता न्या आणि साखळी, मुलगी बाळाला घेऊन वडोदऱ्याला येईल तेव्हा, आपल्या हाताने घाला. मी यातला दुसरा पर्याय निवडला होता.