अनुभव धागा: रोज काहीतरी सुचावं म्हणून तुमच्या छंदात नेमकं काय करता?

चित्र, अक्षरं, माती, सुईदोरा, फोटो, जे काही तुम्ही हौसेने करता त्याबद्दल इथे लिहा. "काही सुचतच नाहीये" असा दिवस प्रत्येकाला येतो. अशा दिवशी हात कुठून सुरू करायचा हे नव्या माणसाला कळलं पाहिजे. म्हणून या धाग्यात प्रवास, बक्षिसं, पहिली आठवण यांना जागा नको. टेबलावर काय असतं, किती घेता, कुठे बिघडतं आणि का, एवढंच लिहा. मापं दिलीत तर फारच उत्तम.

खरडवही

वही खिशात मावेल एवढीच घ्या, म्हणजे ए६. मोठी वही घरी राहते. नुसत्या पेनाने काढणार असाल तर १०० ते १२० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद पुरतो. वरून पाण्याचा हात फिरवायचा असेल तर २०० जीएसएमच्या खाली जाऊ नका, पान लाटा घेतं आणि मागच्या पानावर डाग उतरतो.

पेन ०.३ मिमी, पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाईचं. डाय (विरघळणाऱ्या रंगाची) शाई पाणी लागताच फुटते आणि सगळी रेषा जांभळट होऊन वाहते. पिगमेंट शाईसुद्धा गुळगुळीत कागदावर एक-दोन मिनिटं सुकू द्यावी लागते. मऊ पेन्सिल (४बी, ६बी) छोट्या वहीत नको, पानं एकमेकांवर घासून सगळं करडं होतं.

सुचत नसेल तेव्हा कागदाकडे न बघता रेषा काढा. समोरची एक वस्तू घ्या: किल्ल्यांचा जुडगा, चुरगळलेला रुमाल, स्वतःचा डावा हात. नजर वस्तूच्या कडेवरून सरकेल त्याच वेगाने पेन सरकवा आणि पाच मिनिटं पेन उचलू नका. चित्र वेडंवाकडं येईल, यायलाच हवं. पण दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला नजरेचा वेग कमी होतो आणि एरवी न दिसणारी वळणं दिसायला लागतात. लगेच त्याच वस्तूभोवतीची *मोकळी जागा* काढा, वस्तू नाही. हाताच्या बोटांमधले त्रिकोण काढले की हात आपोआप उभा राहतो. या क्रमाने केलेली दोन पानं मला एका घोटीव चित्रापेक्षा जास्त मोलाची वाटतात.

ओला कुंचला

जलरंगात न सुचण्याचं एक मोठं कारण म्हणजे चोवीस रंगांची पेटी. तीनच ट्यूब बाहेर ठेवा: हान्सा यलो, क्विनॅक्रिडोन रोझ, थॅलो ब्लू. थॅलो फार जोरदार रंग आहे, म्हणून पिवळ्यात निळा कणाकणाने घाला. निळ्यात पिवळा घालत बसलात तर अर्धी ट्यूब संपेल आणि हिरवा तरी येणार नाही.

रोजचा सराव असा. राखाडी पुठ्ठ्याला ५ मिमीचं भोक पाडा. एक डोळा मिटून त्यातून भिंतीचा, पानाचा किंवा कपड्याच्या घडीतल्या सावलीचा एकच तुकडा पाहा. आजूबाजूचे रंग झाकले गेल्यामुळे खरा रंग कळतो. "पांढऱ्या" भिंतीची सावली बहुतेक वेळा निळसर किंवा तपकिरी निघते. तो रंग तीन ट्यूबमधून जुळवून ३ × ३ सेमीचा चौकोन भरा, शेजारी प्रमाण लिहा (पिवळा ४, गुलाबी १, निळा अगदी कण). जुळला की नाही हे सुकल्यावरच ठरवा, कारण जलरंग सुकल्यावर फिका पडतो. ओला असताना किंचित गडद दिसला पाहिजे.

रंगात फुलकोबीसारखे डाग उमटतात त्याचं कारण घाई. कागद अर्धवट सुकलेला असताना कागदावरच्यापेक्षा जास्त पाणी घेतलेला कुंचला टेकला की ते पाणी रंगाचे कण कडेला ढकलतं. चमक असेपर्यंत काम करा. चमक गेली की पूर्ण सुकेपर्यंत हात मागे.

या सरावाबाहेर, राखाडीसाठी काळा वापरू नका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून जी करडी छटा येते ती जिवंत असते. निळा वाढवला की थंड होते, सिएना वाढवली की उबदार.

खरडवही

'ओला कुंचला'च्या भोकाच्या पुठ्ठ्याला माझी पुरवणी: विषय रोज बदलायची गरज नाही. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) त्याच त्या बाटल्या, भांडी आणि डबे मांडून कित्येक दशकं चित्रं काढत राहिला. दोन वस्तूंमधलं अंतर बोटभर बदललं तरी त्याच्यासाठी तो नवा विषय होता.

बोरू

अक्षरांच्या नादाला लागलेल्यांसाठी. रोमन सुलेखनासाठी कापलेलं टोक देवनागरीला चालत नाही, दोन्हींचे काप विरुद्ध दिशांना तिरके असतात. चुकीच्या टोकाने अक्षर निघतं, पण जाड-बारीक भाग उलटसुलट पडतात आणि काय खटकतंय ते उमगत नाही. म्हणून आधी टोक तपासा.

३ मिमीचं टोक घेतलंत तर सुरुवातीला अक्षराची उंची टोकाच्या रुंदीच्या पाचपट, म्हणजे १५ मिमी धरा. शिरोरेषा, पायाची रेषा आणि वर-खाली मात्रा-उकारांसाठी जागा आखून घ्या. टोकाचा कोन ओळभर एकच ठेवायचा. मनगट फिरलं की काना एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक दिसतो. शाई पसरत असेल तर दोष हाताचा नाही, ७०–८० जीएसएमचा छपाईचा कागद ती शोषून घेतो. गुळगुळीत, जाड कागद घ्या किंवा शाईत डिंकाच्या पाण्याचा एखादा थेंब टाका. डिंक जास्त झाला तर शाई टोकातून उतरतच नाही.

वर्णमाला क्रमाने गिरवू नका, घराणी करून गिरवा: ग म भ न, मग व ब क, मग प ष फ, मग ट ठ ढ द. एका घराण्यातला एक फटका बसला की बाकीची भावंडं पटकन येतात.

आणि सुचण्यासाठी: एक अक्षर आठवडाभर धरा. 'ल' घ्या. मराठी वळणाचा आणि हिंदी वळणाचा 'ल' वेगळा, 'श'चंही तसंच. पाट्या, वेष्टनं, जुन्या पुस्तकांची मुखपृष्ठं यांवरचा 'ल' दिसेल तिथे टिपा, पण फोटो काढून थांबू नका. फोटोवर पारदर्शक कागद ठेवून फक्त आतली पांढरी जागा भरा. गाठ किती मोठी आहे, डोळा किती उघडा आहे यात अक्षराचा स्वभाव असतो, आणि तो काळ्या फटक्यापेक्षा आतल्या पांढऱ्यात लवकर दिसतो. अशा पाच-सहा आकृत्या शेजारी ठेवल्या की सातवा 'ल' तुमचा तुम्हाला सुचतो.

भट्टी

मातीकामात कल्पना डोक्यात राहिली की हवेत राहते, ती चाचणीच्या पट्टीवर उतरवा. ६ मिमी जाडीची, १३ × ४ सेमीची पट्टी लाटा आणि ओली असतानाच तीवर बरोबर १०० मिमीची रेघ कोरा. पक्क्या भाजणीनंतर रेघ मोजा. ८८ मिमी भरली तर तुमची माती १२ टक्के आकसते. आता १० सेमी उंचीचा पेला हवा असेल तर १० भागिले ०.८८, म्हणजे साधारण ११.४ सेमीचा घडवा. मातीची गोणी बदलली की पट्टी नवी.

पक्क्या भाजणीआधी अशाच पट्ट्यांवर झिलई (भांड्यावरचा काचेसारखा थर) तपासा. खालच्या १ सेमीला झिलई लावू नका, नाहीतर वितळून भट्टीच्या फळीला चिकटेल. तेवढा भाग सोडून बाकीची पट्टी तीन सेकंद बुडवा, सुकल्यावर वरचा अर्धा भाग पुन्हा बुडवा, म्हणजे एकाच तुकड्यावर पातळ आणि जाड थर दिसतात. मागे लोहभस्माने (आयर्न ऑक्साइड) क्रमांक लिहा, पेन्सिलीचं लिहिलेलं जळून जातं. झिलईवर बारीक भेगांचं जाळं येत असेल तर थंड होताना ती मातीपेक्षा जास्त आकसते आहे. तिच्यात सिलिका (गारेची पूड) थोडी वाढवून पाहा. झिलई गोळा होऊन माती उघडी पडत असेल तर थर फार जाड आहे किंवा भांड्यावर धूळ, बोटांचं तेल राहिलं आहे.

भिंतीवर टांगलेल्या अशा पट्ट्या हाच माझा कल्पनांचा साठा. दोन पट्ट्या शेजारी टांगल्या की पुढचं भांडं दिसायला लागतं.

सुईदोरा

भरतकामात रंगाची निवड दुकानी तक्त्यावरून करू नका, कापडावर करा. मिशेल शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ या चित्रविणकामाच्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळत होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. रंग ठीकच होता, शेजारच्या रंगांमुळे काळा बदललेला दिसत होता. त्याचे रंगांच्या परस्पर परिणामाविषयीचे निष्कर्ष १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले.

घरी हेच करा: एकच करडा धागा, चार वेगवेगळ्या रंगांच्या कापडी तुकड्यांवर २ सेमीचा चौकोन. चारही करडे निराळे वाटतील. सहा पदरांपैकी दोन पदर घ्या, लांबी ४५ सेमीच्या आसपास. जास्त लांब धागा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन पिंजतो आणि चमक जाते. पदर एकेक करून सोडवा, मग एकत्र जुळवा. एकदम दोन ओढलेत तर गुंता ठरलेला.

जुळणी

पोस्टर, पुस्तक, वेष्टन यांची मांडणी करणाऱ्यांसाठी थोडक्यात. आवडलेल्या गोष्टींचा ढीग साठवल्याने सुचत नाही. एका खोक्यात वीसच कात्रणं ठेवा. एकविसावं आलं की एक जुनं बाहेर. प्रत्येकामागे "छान", "सुंदर" हे शब्द न वापरता एक वाक्य लिहा: "डावा समास उजव्याच्या दुप्पट", "मथळा मजकुराच्या चौपट, पण वजनाने हलका". पट्टीने मोजल्याशिवाय असं वाक्य लिहिताच येत नाही, म्हणून तर लिहायचं. मग पारदर्शक कागदावर फक्त ठोकळे काढा आणि त्यात वेगळाच मजकूर बसवा. मूळ रंग आणि अक्षरं सोबत उचललीत तर ती नक्कल होईल.

खिडकी

फोटोसाठी: एक वस्तू, एक खिडकी, खोलीतले दिवे बंद. पिवळसर दिव्याचा प्रकाश साधारण २७००–३००० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप), दिवसाचा ५५०० च्या आसपास किंवा पुढे. दोन्ही मिसळले की अर्धी वस्तू पिवळी, अर्धी निळी येते आणि नंतर दुरुस्त करणं जिकिरीचं जातं. वस्तू खिडकीपासून एकदा अर्ध्या मीटरवर, एकदा दोन मीटरवर ठेवा. जवळ असताना सावलीची बाजू एकदम गडद होते, लांब नेल्यावर उजेड-सावलीतला फरक कमी होतो. सावलीच्या बाजूला पांढरा कागद धरून तो हळूहळू जवळ आणा आणि कुठे थांबायचं ते डोळ्यांनी ठरवा. फोनवर पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक कॅमेऱ्यांत उजेड आणि फोकस कायम होतो, मगच कागद हलवा, नाहीतर प्रत्येक फोटोत कॅमेरा स्वतःच उजेड बदलेल आणि तुलना करता येणार नाही. पांढरी वस्तू करडी आली तर उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा.