परवाना बंदुकीचा, पण काडतूस कुठलं?

वर एकांनी लिहिलंय की बंदुकीचा परवाना दिलाच आहे, तर काडतूस कुठलं वापरायचं यात सरकारने पडू नये. मला हे अजिबात पटत नाही.

मी पाटणकडचा. रानडुकरं एका रात्रीत भुईमुगाचं वावर उकरून टाकतात, ते मी भोगलंय. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीची सोय आहे. तिच्या छर्ऱ्यांचा जोर थोड्या अंतरावर मरतो. रायफलची गोळी चुकली तर पलीकडच्या वस्तीपर्यंत जाते.

आणि अंगात शिरून पसरणारी गोळी? कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून तिला 'दमदम' म्हणत. १८९९ साली हेगच्या परिषदेने ती युद्धात वापरायला बंदी घातली. अमेरिकेत मात्र तसल्या गोळ्या साध्या दुकानात मिळतात. त्या आरपार जाऊन मागच्याला लागत नाहीत, असं तिथले समर्थक सांगतात. मुद्दा खरा आहे, पण ज्याला लागते त्याचं काय होतं?

गोळीची नाही, पण घातक जखम कशी असते ते मी पाहिलंय. आमच्या शेजाऱ्यांच्या म्हशीने डुकरासाठी बांधावर ठेवलेला गावठी बॉम्ब चावला होता. जबडा लोंबत होता. बिचारी बादलीत तोंड घाली आणि पाणी तसंच लाल होऊन खाली गळे. त्याच बांधावरून रोज सकाळी शाळेची पोरं जातात.

शेतकऱ्याला कुंपणाला अनुदान द्या, भरपाई वेळेवर द्या, त्यासाठी मी तुमच्यासोबत तहसीलवर यायला तयार आहे. पण जास्त घातक काडतूस मागायला मी येणार नाही.