स्पेनमध्ये भरितासारखं काही मिळतं का?

जळगावकर_भाऊ
राम राम मंडळी. बहीण बार्सिलोनाला असते, जानेवारीत आईला घेऊन तिच्याकडे चाललोय. आईचं म्हणणं, नुसतं पाव-चीज खाऊन मी नाही राहणार बाबा, विस्तवावरचं काहीतरी पाहिजे. इकडे तर ऐन भरीत पार्ट्यांचा सीझन, शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी. तिकडे वांगं असं भाजून खातात का? गावाकडचं सांगा, टुरिस्ट हॉटेलातलं नको.

सावदा_केळी
भरीतना विषय निंघना का तोंडले पानी सुटस! बार्सिलोना म्हणजे कातालोनिया, तिथे एस्कालिवादा मागा. वांगी, लाल ढोबळी मिरची आणि कांदे निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची, हातानेच लांब पट्ट्या करायच्या आणि वरून ऑलिव्ह तेल, मीठ. ठेचत मात्र नाहीत. कधी कधी वर अँचोव्ही मासे ठेवतात, आई शाकाहारी असतील तर आधीच सांगा.

तापीकाठ
जानेवारीत जाताय तर मी म्हणेन सरळ वाल्स गावाला जा, तारागोना प्रांतात आहे, बार्सिलोनाहून एका दिवसात जाऊन येता येतं. तिथे काल्सोत म्हणून लांब पांढऱ्या दांड्याचा पातीचा कांदा असतो, त्याची हिवाळ्यात शेतावर पार्टी करतात, अगदी आपल्यासारखी. आणि जाळायला काय, तर द्राक्षाच्या छाटलेल्या काड्या! आपल्याकडे कपाशी तिकडे द्राक्ष, शेतात जे उरतं त्यावरच भाजायचं, म्हणून चव येते, गॅसवर ती येणारच नाही. कांदे बाहेरून कोळसा होईपर्यंत भाजतात, मग वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात, आतल्या वाफेने मऊ होतात, आणि कौलावर वाढतात. काळी साल ओढून काढायची, बदाम-लसूण-टोमॅटोच्या चटणीत बुडवायचं, मान वर करून तोंडात सोडायचं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी गावात मोठा उत्सव असतो, जमलं तर तोच दिवस धरा. कांद्यानंतर मटण-सॉसेज येतं तेवढं लक्षात असू द्या.

धुळे_नाका
वांग्याचं लोणचं बघायचं तर आल्माग्रो, पण ते माद्रिदच्या दक्षिणेला, ला मांचात, तुम्हाला लांब पडेल. छोटी हिरवी वांगी व्हिनेगर, जिरं, लसूण घालून मुरवतात. वांगं तिकडे अरबांनी नेलं आणि मिरची अमेरिकेतून स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांनी आली, म्हणजे आपल्या भरितातली मिरची तिकडची पाहुणी, शेंगदाणेसुद्धा.
येताना स्पेनच्या ला वेरा भागातली मिरची पूड नक्की आणा. तिकडे तोडणीच्या वेळी पाऊस लागतो, उन्हात वाळत नाही, म्हणून ओकच्या लाकडाच्या धुरावर दहा-पंधरा दिवस वाळवतात. डब्यावर पिकांते लिहिलेलं घ्या, दुल्से गोड असते, आपल्याला चालणार नाही.

जळगावकर_भाऊ
मनापासून आभार सगळ्यांचे. आईला वाचून दाखवलं, ती म्हणे कांदे तर कांदे पण वांगी मी सोबत नेणार, आता तिची समजूत घालतोय. वाल्सला शाकाहारी जेवणाचं आधी कळवायला बहिणीला सांगितलंय. तापीकाठ भाऊ, उत्सवाच्या दिवशी गर्दीत म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा मिळते का, की आदल्या दिवशी गेलेलं बरं?