बॉल पायथनला किती वेळा हातात घ्यावं? (चर्चा धागा)

सांजवेळ:
नव्याने साप पाळणाऱ्याला दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, रोज अर्धा तास हातात घ्या, नाहीतर साप माणसाळणार नाही. दुसरा म्हणतो, साप बघायचा प्राणी आहे, हातच लावू नका. हा धागा बॉल पायथन या छोट्या आफ्रिकी अजगरापुरता ठेवू. माझं मत आधीच सांगते: आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि दर खेपेला १० ते १५ मिनिटं. याहून जास्त बसतच नाही.

हिशोब पाहा. सहा महिन्यांचं पिल्लू दर ७ दिवसांनी खातं. खायला द्यायच्या दिवशी हात लावायचा नाही, कारण उंदराचा वास आणि आपल्या हाताची ऊब एकत्र आली की साप हातालाच चावतो. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणारे खळगे असतात. खाल्ल्यावर पुढचे ४८ तासही नाही. पोटात भक्ष्य असताना उचललं तर पिल्लू ओकतं. म्हणजे आठवड्याचे ३ दिवस गेले. पाच आठवड्यांत १५ गेले, २० उरले. साधारण तेवढ्याच काळात ते एकदा कात टाकतं. डोळे दुधी व्हायला लागल्यापासून कात पडेपर्यंत ८ ते १० दिवस जातात. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, कातडी हुळहुळी असते, म्हणून तेव्हाही उचलायचं नाही. यातले काही दिवस खाण्याच्या दिवसांवरच येतात, तरी हाती राहतात १४ च्या आसपास. दोन खेपांमध्ये एक दिवस मोकळा सोडला की उरल्या ७. रोज अर्धा तास कुठून आणणार?

नवा साप घरी आल्यावर पहिले दोन आठवडे पूर्ण सुट्टी. त्याने सलग तीन वेळा न अडखळता खाल्लं की मगच सुरुवात, तीही ५ मिनिटांपासून.

घाटवाट:
हिशोब चोख आहे, पण त्यातून किती दिवस *जमतं* एवढंच ठरतं. *गरज* आहे का, हा प्रश्न तसाच राहतो. माझं उत्तर: गरज शून्य.

हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात दडून बसतो, अंधार पडल्यावर बाहेर निघतो. वरून येऊन उचलणारी गोष्ट त्याला एकच ठाऊक, शिकारी. कुत्र्याला कुरवाळल्यावर जे मिळतं ते सापाला मिळत नाही. आणि 'किती शांत बसलाय' हे वाक्य मला नेहमी खटकतं. घाबरल्यावर डोकं आत घेऊन चेंडू व्हायचं, ही याची सवयच आहे आणि नावही त्यावरूनच पडलंय. हातात न हलणारा बॉल पायथन खूश आहे, हे कशावरून ठरवलं?

लक्ष मात्र रोज हवं, आणि ते हात न लावता देता येतं. सकाळी पाणी बदला. उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २४ ते २६ आहे का, हे थर्मामीटरच्या दोन वेगवेगळ्या प्रोबवर बघा. काचेला चिकटवायचा गोल काटा खोटं सांगतो. आर्द्रता ५५ ते ७० टक्के. कुलूप लागलंय ना, तेही बघा. विष्ठा आणि पांढरं युरेट (सापाची घट्ट लघवी) दिसलं की तेवढा भाग काढून टाका. हीट मॅट (तळाला लावायची गरम चटई) तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय कधीच लावू नका. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर जाणवत नाही, तो भाजेपर्यंत तसाच बसून राहतो. हे सगळं दिवसाला १० मिनिटांचं काम. ज्याला ही १० मिनिटं जड जातात, तोच बहुतेक वेळा अर्धा तास साप गळ्यात घालून फोटो काढतो, याचा मला खरोखर त्रास होतो.

पशुवैद्यक:
घाटवाट, रोजच्या पाहणीबद्दल शंभर टक्के सहमत. 'गरज शून्य' याला मात्र ठाम विरोध.

कधीच न हाताळलेला दीड किलोचा साप आजारी पडला की तपासणी टेबलावर दोन माणसं लागतात. डोकं धरावं लागतं, तो पूर्ण ताकदीने पिळतो, आणि आधीच श्वास लागलेल्या सापाला हे झेपत नाही. श्वसनमार्गाचा संसर्ग सुरुवातीला बाहेरून दिसत नाही. साप उचलून कानाजवळ धरला तर बारीक शिट्टी किंवा बुडबुड्यांचा आवाज येतो. तोंड उघडं ठेवून मान वर करून बसलेला दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. पोटाचे खवले तांबूस-तपकिरी झालेत का, हनुवटीच्या खाचेत आणि डोळ्यांच्या कडेला काळे ठिपके म्हणजे माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत का, शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं आवळून बसलंय का, हे साप हातात घेतल्याशिवाय कळत नाही. शेपटीवरच्या कड्याने रक्तपुरवठा तुटतो आणि टोक वाळून गळतं.

माइट्ससाठी सोपी युक्ती: हाताळून झाल्यावर हात पांढऱ्या टिश्यूवर पुसा. काळे ठिपके हलताना दिसले तर शंका नको. साप पाण्याच्या भांड्यात तासन् तास बसायला लागला असेल तर हे आधी तपासा.

घाटवाट:
मुद्दा रास्त, पण यातलं बरंच न उचलता होतं. वजनासाठी लपायचा डबाच उचला, सापासकट काट्यावर ठेवा, नंतर रिकाम्या डब्याचं वजन वजा करा. पोट बघायचं तर पारदर्शक डब्यात सरकू द्या आणि खालून टॉर्च लावा. कात टाकली की ती पाण्यात उलगडून पाहा: डोळ्यांवरचे दोन्ही पारदर्शक खवले आणि शेपटीचं टोक तिच्यात आलं असेल तर सापावर काही अडकलेलं नाही. हनुवटीखालचं आणि तोंडातलं तेवढं राहतं. त्यासाठी महिन्यातून एकदा उचला. आठवड्यातून दोनदा कशाला?

पशुवैद्यक:
कारण महिन्यातून एकदा उचललेल्या सापाला प्रत्येक खेप पहिलीच वाटते. सवय अंतराने मोडते. वर्षाला बाराच अनुभव, आणि बाराही वेळा तोंड तपासलेलं, तर हात म्हणजे त्रास एवढंच तो शिकेल. आठवड्याच्या साध्या, काहीही न करणाऱ्या १० मिनिटांमुळे महिन्याची तपासणी सोपी जाते.

हिरवाचाफा:
सगळ्या सापांना हाच हिशोब लावू नये म्हणून थोडं वेगळं. कॉर्न स्नेकचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम ६ ते ८ ग्रॅमचं असतं, हात दिसला की सुसाट पळतं, अंगावर घाण सोडतं. ते चेंडू होऊन बसत नाही. त्याला हातावरून हातावर सरकू द्यायचं असतं, मूठ आवळायची नसते. धडपडत असतानाच परत ठेवलं तर पळालं की सुटका, हे ते पक्कं शिकतं. दोन मिनिटं का होईना, जरा संथ होईपर्यंत थांबा, मग ठेवा. त्यालाही ४८ तासांचा नियम लागू आहेच. उबदार बाजू मात्र २८ ते ३० अंश पुरते. बॉल पायथनचे आकडे त्याला लावू नका.

लेस्टरकर:
इथे ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने पाळणाऱ्यावर प्राण्याच्या पाच गरजा भागवण्याची जबाबदारी टाकली आहे: योग्य जागा, योग्य आहार, स्वाभाविक वागणूक दाखवण्याची मुभा, इतर प्राण्यांसोबत किंवा एकटं राहण्याची सोय, आणि वेदना-आजारांपासून संरक्षण. त्यात 'हाताळणी' हा शब्द नाही, पण स्वाभाविक वागणूक आहे. म्हणून मला वाद थोडा चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. साप अरुंद खणात असेल तर त्याच्यासाठी बाहेर पडणं ही एकमेव हालचाल ठरते, आणि मग हाताळणीची 'गरज' भासते. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला १२०×६०×६० सेंटिमीटर जागा, चढायला जाड फांदी, दोन्ही टोकांना एकेक घट्ट लपण आणि अंग झाकेल एवढा पालापाचोळा द्या. तो रात्री स्वतःहून फिरतो.

आणि उचलण्याऐवजी निवड द्या. संध्याकाळी दिवे मंद करा, दार उघडा, हात उंबऱ्यावर सपाट ठेवा. जीभ सावकाश, लांब बाहेर काढत आला तर येऊ द्या. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढली, फुस्स केलं, किंवा लपणात शिरला, तर त्या दिवशी दार बंद. १५ मिनिटांत आला नाही तरी दार बंद. याने आठवड्याचा आकडा साप ठरवतो.

सांजवेळ:
लेस्टरकर, पद्धत पटली, पण नवख्याला एक अडचण येईल: उंबऱ्यावर आलेला साप उत्सुक आहे की भुकेला, हे त्याला ओळखता येत नाही. भुकेला बॉल पायथनही असाच पुढे येतो, फक्त जीभ झपझप चालते, नजर हातावर खिळते आणि मान ताठ असते. म्हणून खूण हवी. लांब हुकाने किंवा कागदाच्या गुंडाळीने अंगाच्या मधल्या भागाला दोन-तीन वेळा हलकं टेकवा. काही आठवड्यांत त्याला कळतं की हा स्पर्श झाला की उंदीर येणार नाही.

मग उचलायचं बाजूने, वरून झडप घातल्यासारखं नाही. एक हात पुढच्या तिसऱ्या भागाखाली, दुसरा मागच्या. डोकं धरायचं नाही, शेपटी लोंबकळू द्यायची नाही. पलंगावर किंवा जमिनीवर बसून घ्या. आपण उभे असताना साप हातातून पडला तर त्याच्या बरगड्या मोडतात. आधी हात बिनवासाच्या साबणाने धुवा, नंतरही धुवा. सापाच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरतो, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप देऊच नये आणि भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नयेत.

चावलाच तर हिसडा मारू नका. दात आत वळलेले असतात. ओढलं तर आपली त्वचा फाटते, त्याचे दात तुटून हिरडी चिघळते. डोक्यावर गार पाण्याची धार सोडा, तो सोडतो. जखम साबणाने धुवा, धनुर्वाताची लस झालेली नसेल तर घ्या.

पाचोळा:
दोन गोष्टी राहिल्या. पुणे-नाशिककडे हिवाळ्यात खोली १८ अंशांवर येते. १५ मिनिटं बाहेर असलेला साप तेवढ्यात गार पडतो आणि पचन मंदावतं. खोली २४ च्या खाली असेल तर हाताळणी रद्द, आठवड्याचा कोटा भरायच्या नादात पडू नका. कोकणात पावसाळ्यात उलट होतं: हवाच ८५-९० टक्के दमट, तेव्हा पाण्याचं भांडं लहान करा, जाळी उघडी ठेवा, तळाला कागद घाला, नाहीतर पोटाचे खवले सडतात.

दुसरं कायद्याचं. धामण, नाग, मांडूळ, आपला अजगर, यातलं काहीही घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग हाताळणी कितीही प्रेमाची असो. बॉल पायथन परदेशी, पण साइटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसलेला साप घेऊ नका.

घाटवाट:
लेस्टरकरांची निवडीची पद्धत मला मान्य. आठवड्याला दोनदा हा ठरीव आकडा अजूनही मान्य नाही. पशुवैद्यक, एक विचारतो: हाताळणी जास्त होतेय, हे आकड्यांत कुठे दिसतं?

पशुवैद्यक:
वहीत. तारीख, भक्ष्याचं वजन, खाल्लं की नाही, हाताळलं का, महिन्याचं वजन. वाढत्या पिल्लाला स्वतःच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भक्ष्य दर आठवड्याला, प्रौढाला साधारण ५ टक्के दोन ते चार आठवड्यांनी. पिल्लाने सलग दोन वेळा नाकारलं आणि तापमान, आर्द्रता ठीक असेल, तर हाताळणी तीन आठवडे थांबवा. पुन्हा खायला लागलं तर कारण सापडलं. प्रौढ नर हिवाळ्यात काही आठवडे खात नाही, ते चालतं. पण वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं की दाखवायला आणा. काच-जाळीवर नाक घासून घासून जखम केली असेल तर तेही ताणाचं लक्षण.

आणि ओकला असेल तर लगेच पुन्हा खायला देऊ नका. १० ते १४ दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य, आणि ते दोनदा पचेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही.

घाटवाट:
सलग दोनदा नाकारलं की तीन आठवडे हाताळणी बंद, हे वहीत पहिल्याच पानावर लिहायला हवं. लपणासकट वजनाचा रकानाही जोडा.