लायब्ररीची वागणूक आपण का तपासायची?

निपाणीकर: "जे लायब्ररीच्या, म्हणजे आपण आयत्या वापरतो त्या संगणक-संहितेच्या, दस्तऐवजात लिहिले आहे, त्याची चाचणी पुन्हा आपण लिहिणे हा वेळेचा अपव्यय आहे," हे मार्कंडेयकाठ यांचे विधान मला मुळीच पटलेले नाही. खानापूर तालुक्यातील एका वाचनालयाची मुक्तस्रोत प्रणाली मी सांभाळतो. तेथे सभासदाची नोंद निमूटपणे काढली जाई आणि त्याच्याकडचे पुस्तक कोणाच्या नावावर आहे हेच कळेनासे होई. डेटाबेसच्या रचनेत फॉरेन की, म्हणजे पुस्तकाची नोंद अस्तित्वात असलेल्या सभासदाशीच जोडणारी अट, लिहिलेली होती; पण एसक्यूलाइट या डेटाबेस-लायब्ररीमध्ये तिची अंमलबजावणी मुळात बंद असते, ती प्रत्येक कनेक्शनवर (डेटाबेसशी केलेल्या जोडणीवर) प्राग्मा, म्हणजे सेटिंग बदलणारी आज्ञा, देऊन चालू करावी लागते. आम्ही प्राग्मा दिला होता, मात्र ट्रान्झॅक्शन (एकत्रच पार पडणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्यावर. आणि तेव्हा तो कोणतीही त्रुटी न दाखवता निष्फळ ठरतो.

मार्कंडेयकाठ: हे दोन्ही नियम दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेले आहेत. आपण ते वाचले नाहीत, हा लायब्ररीचा दोष कसा? एसक्यूलाइटची चाचणी-संहिता तिच्या मूळ संहितेच्या कित्येक पट मोठी आहे. नोकरी सांभाळून रात्री विनामोबदला काम करणाऱ्याने त्यात आणखी काय भर घालायची?

घटप्रभा: दस्तऐवजावर इतका विश्वास असेल, तर मराठी आडनावे शोधून पाहा. 'कुऱ्हाडे'मधला 'ऱ' कधी एकाच कोडबिंदूने (युनिकोडमधील अक्षर-क्रमांकाने) लिहिला जातो, तर कधी 'र' आणि नुक्ता अशा दोन कोडबिंदूंनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, एसक्यूलाइटला मात्र ते वेगळे वाटतात. आमच्याकडे एकाच गृहस्थांची दोन खाती निघाली.

मार्कंडेयकाठ: नोंद घेतानाच मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकसमान रूपात आणा. कृपया विषय भरकटवू नका.

घटप्रभा: भरकटवणे? कन्नडमधील ओकाराचीही हीच गत आहे, आणि आमच्या नोंदवहीत दोन्ही लिप्या शेजारी शेजारी असतात. सीमाभागातल्या माणसाचे नाव सापडत नाही, हा आपल्याला किरकोळ प्रश्न वाटतो, याचे मला वाईट वाटते.

निपाणीकर: घटप्रभा यांचे म्हणणे विषयाला धरूनच आहे. दस्तऐवज लायब्ररीविषयी सांगतो. आपली संहिता ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मजकुरावर वापरते, हे त्याला ठाऊक नसते.

मार्कंडेयकाठ: ठीक आहे, कनेक्शन उघडल्यावर प्राग्माचे मूल्य वाचणारी एक चाचणी मी लिहीन. त्याहून अधिक नाही.

निपाणीकर: केवळ मूल्य वाचून भागणार नाही. अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावे पुस्तक देऊन पाहा. ती नोंद नाकारली गेली, तरच चाचणी उत्तीर्ण समजा.