'ट्रिपल'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द अडलाय. बेसबॉलवर मुलांसाठी लेख लिहितोय, त्यात चीफ विल्सन आहे. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा खेळाडू, १९१२ च्या एका सीझनमध्ये त्याने ३६ ट्रिपल मारले आणि शंभर वर्षं उलटली तरी मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेत, तो रेकॉर्ड कोणाला मोडता आलेला नाही, त्याच्याखालचा आकडा थेट ३१, तोही एकोणिसाव्या शतकातला. आता ट्रिपलला लिहू काय? 'तिहेरी फटका' लिहिलं तर लेक विचारते, बाबा, बॉल तीनदा मारला का? 'तीन धावा' लिहू का?

—

'तीन धावा' अजिबात नको हो! ट्रिपल मारला की बॅटर तिसऱ्या बेसला, म्हणजे पळण्याच्या तिसऱ्या टप्प्याला, पोचतो एवढंच, त्याची धाव होमला, म्हणजे जिथून बॅटिंग केली तिथे, परत आल्यावरच धरतात, पुढचे बॅटर आउट झाले तर तिथेच अडकला. क्रिकेटवाला वाचक ३६ त्रिक १०८ रन करून मोकळा होईल. आणि 'तिहेरी' पण नको, कारण त्याच खेळात ट्रिपल प्ले आहे, एका झटक्यात तिघं आउट, तिथे 'तिहेरी बाद' चपखल बसतं. तिहेरी म्हणजे तीन गोष्टी एकदम. इथे तर ९० फुटांचे तीन बेस एकामागून एक पळायचेत, २७० फूट.

—

चौकार-षटकारासारखं 'त्रिकार' केलं तर? किंवा पत्त्यातली तिर्री?

—

तिर्री म्हणजे हलकं पान, ट्रिपल तर होमरनपेक्षा, म्हणजे एकाच फटक्यावर थेट होमला परत येण्यापेक्षा, दुर्मिळ. २००७ मध्ये डेट्रॉइटच्या कर्टिस ग्रँडरसनने २३ मारले तेव्हा केवढं कौतुक झालं. आणि 'त्रिकार' मला मनापासून खटकतो. चौकार गेला की बॅट्समन जागेवर उभा राहतो, पळायची गरजच नाही. ट्रिपल उलटा, बॉल कुंपणाच्या आतच राहिला पाहिजे, फील्डर त्याच्यामागे धावतोय, इकडे बॅटर दुसरा बेस ओलांडून जीव तोडून पळतोय आणि तिसऱ्यावर धूळ उडवत घसरतोय. विल्सनचं होम ग्राउंड फोर्ब्स फील्ड, तिथलं सेंटरचं कुंपण ४०० फुटांच्याही कितीतरी पलीकडे, म्हणून बॉल लांबच लांब गडगडत जायचा. तरी बाकी कुठल्याही सीझनमध्ये त्याचे १४ च्या वर गेले नाहीत. शब्दात पळणं आलं पाहिजे बघा.

आमच्याकडे गोट्या खेळताना एकलम खाजा, डुब्बी राजा, तिराण बोजा असं मोजायचे. 'तिराण' घेता येईल, गोड आहे, पण आजच्या मुलांना तोही समजावूनच सांगावा लागेल. त्यापेक्षा पहिल्यांदा फोड करून सांगा आणि पुढे सरळ 'ट्रिपल'च ठेवा, ओव्हर, विकेट नाही का आपण ठेवले.

—

पटलं. असं लिहिलंय, 'विल्सनने त्या वर्षी ३६ वेळा एकाच फटक्यावर पळत तिसरा बेस गाठला, अशा फटक्याला ट्रिपल म्हणतात.' लेकीला वाचून दाखवलं. आता तिचा प्रश्न आहे, मग त्यातल्या किती वेळा तो होमला आला?