गुलामांच्या बाजाराचे सोंग वर्गात, आणि पालकांची सही कुठे?

धागाकर्ती: पाचवीची आई

माझा मुलगा न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक शाळेत पाचवीत शिकतो. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी जेवताना त्याने आमटीची पळी टेबलावर आपटली आणि लिलाव पुकारतात तसे 'एक वार, दोन वार, गेला' अशा अर्थाचे इंग्रजीत ओरडला. खोदून विचारल्यावर कळले की वर्गात गुलामांच्या बाजाराचे सोंग झाले होते आणि बोली पुकारण्याचे काम त्याच्याकडे आले होते. विकायला कोण उभे राहिले होते, असे मी विचारले तेव्हा त्याने दोन नावे घेतली आणि तो गप्प झाला. त्या दोघी त्याच्या वर्गातल्या दोनच कृष्णवर्णीय मुली आहेत.

त्याच आठवड्यात सफरचंदाच्या बागेत सहल नेण्यासाठी शाळेने माझी सही घेतली होती, शेंगदाणे चालतात का हेदेखील विचारले होते. बाजाराबद्दल मात्र एक ओळही आली नाही.

हे एकट्या आमच्या शाळेत घडलेले नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅव्हरस्ट्रॉ येथे गुलामांचे जहाज समजावून सांगताना शिक्षिकेने दोन कृष्णवर्णीय मुलींचे हातपाय चिकटपट्टीने बांधले आणि त्यांना बाकाखाली सरपटायला लावले. २०१७ मध्ये आमच्याच राज्यात साउथ ऑरेंज-मेपलवुडच्या एका शाळेत बदली शिक्षकांच्या तासाला लिलावाचे नाटक झाले. २०१९ मध्ये ब्राँक्सव्हिलच्या एका खासगी शाळेत तसाच लिलाव झाला, तेव्हा न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी चौकशी करून शाळेला सुधारणांचा करार करायला लावला. असा पाठ घेण्याआधी पालकांची लेखी संमती सक्तीची असावी, असे माझे मत आहे.

सातारचा मास्तर

एकतीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांवर चढवली गेली आणि त्यांतली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली, हे फळ्यावर लिहिले की मुले ते वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या तासाला विसरतात. अभिनय केला की विसरत नाहीत. तुमच्या मुलाने पळी आपटली, आणि तुम्ही विचारल्यावर तो गप्प झाला. ही गप्प होण्याची वेळ पाठ्यपुस्तकाने कधी आणली असती का?

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, आयोवातल्या राइसव्हिल गावी शिक्षिका जेन इलियट यांनी तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली आणि भेदभाव म्हणजे काय ते अनुभवायला लावले. त्यांनी आधी घरोघरी सह्या मागितल्या असत्या, तर तो पाठ कधीच झाला नसता. १९९४ मध्ये व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गच्या संग्रहालयाने गुलामांच्या लिलावाचे प्रात्यक्षिक केले, तेव्हा विरोध करायला गेलेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या जॅक ग्रॅव्हली यांनी ते पाहिल्यावर आपले मत बदलले होते.

ओसरीवरून

मास्तर, आपली दोन्ही उदाहरणे आपल्याच विरोधात जातात. विल्यम्सबर्गमध्ये ते प्रात्यक्षिक करणाऱ्या विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन स्वतः कृष्णवर्णीय होत्या, पात्रे कसलेल्या प्रौढांनी आपखुशीने केली होती आणि प्रेक्षक स्वतःहून येऊन उभे राहिले होते. दहा वर्षांच्या मुलीला यातले काय मिळाले? राइसव्हिलचा वर्ग तर सगळा गोऱ्या मुलांचा होता. निकष डोळ्यांच्या रंगाचा होता आणि नंतर बाजू उलटवल्या गेल्या. आपल्या खापरपणजीची विटंबना स्वतःच्या अंगावर घेऊन उभे राहण्याची वेळ तिथे कोणावर आली नाही. (त्या प्रयोगालाही मी निर्दोष म्हणणार नाही, पण तो वेगळा वाद आहे.)

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले, म्हणून या विषयात आपण मराठी माणसे अगदीच परकी नाही. तेव्हा प्रश्न घरचाच विचारतो. अस्पृश्यता समजावी म्हणून आपल्या वर्गात गळ्यात मडके आणि कमरेला झाडू आपण कोणाच्या बांधला असता? हजेरीपटावरचे आडनाव पाहून, की चिठ्ठ्या टाकून? कसेही केले तरी संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जाऊन काय सांगितले असते?

उलटतपासणी

सोंगाला माझाही विरोध आहे, परंतु संमतिपत्राची मागणी मला त्याहून धोक्याची वाटते. जून २०२५ मध्ये मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पालकांच्या बाजूने निर्णय दिला. समलिंगी पात्रे असलेल्या गोष्टींच्या पुस्तकांच्या वाचनातून धार्मिक कारणासाठी मुलांना वगळण्याची मुभा त्यांना मिळाली. फ्लोरिडाने २०२३ मध्ये ठरवलेल्या अभ्यासक्रमात तर गुलामांनी शिकलेली कौशल्ये काही वेळा त्यांच्याच फायद्याची ठरली, असे शिकवायला सांगितले आहे. अशा हवेत 'गुलामगिरी' या शब्दापुढे सहीची रिकामी जागा ठेवली, तर ज्यांना तो विषयच नको आहे त्यांचे आयते फावेल.

शिवाय सही नाकारलेल्या मुलांचे शाळा काय करणार? त्या दोन मुलींच्या आयांनी नकार दिला असता, तर मुलींना ग्रंथालयात बसवून बाजार भरलाच असता, फक्त विकायला दुसरे कोणी उभे केले असते. जे कोणत्याच मुलाकडून करून घेऊ नये, ते सही मिळाल्याने करण्याजोगे होत नाही.

सातारचा मास्तर

मडक्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, हे कबूल करतो. मी अस्पृश्यता नेहमी वाचूनच दाखवली, आणि तसे का केले याचा विचार कधी केला नव्हता. मात्र 'हे नको' म्हणणाऱ्यांनी त्या जागी काय हवे ते सांगावे. नुसत्या वाचनाला मुले जांभया देतात, हे मी एकतीस वर्षे पाहिले आहे.

ओसरीवरून

काय वाचायला देता, यावर ते अवलंबून आहे. १९३० च्या दशकात सरकारी योजनेतून लेखकांनी, एके काळी गुलाम असलेल्या वृद्धांना घरी गाठून त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या. अशी २३०० हून अधिक निवेदने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली आहेत आणि ती कोणालाही वाचता येतात. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या माणसांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या होत्या: माझी आई अमुक मालकाकडे होती, तिला तमुक गावी विकले, कोणाला ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे. ही एक जाहिरात मोठ्याने वाचा आणि मग मुलांना विचारा की हिचे उत्तर आले असेल का. जांभई येते का ते पाहू. कोणालाही टेबलावर उभे करावे लागत नाही.

धागाकर्ती: पाचवीची आई

उलटतपासणी यांचे म्हणणे मला पटले, म्हणून मागणी बदलते. सोंग बंद व्हावे, आणि विषय कधी व कसा शिकवणार आहेत याची सूचना सगळ्या घरी आधी यावी, सही नको. सूचना मात्र मी सोडणार नाही, त्याचे कारण सांगते. काल धीर करून त्या दोघींपैकी एकीच्या आईला फोन केला. मुलगी महिनाभर घरी काहीच बोलली नव्हती. लिलावाची गोष्ट त्या बाईंना पहिल्यांदा माझ्याकडून कळली, आणि बोली कोणी पुकारली तेही मलाच सांगावे लागले.